आठवी ते दहावीच्या पोरांना लिहायला शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं कुणासाठी?

आठवी ते दहावीला मराठी शिकवणाऱ्या सर-मॅडमसाठी. मी नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात एका हायस्कूलला १८ वर्षं मराठी शिकवतेय, आणि ट्रेनिंगला, पेपर तपासणीला, अगदी लग्नात पंगतीला शेजारी बसलेले शिक्षकसुद्धा फिरून फिरून हेच विचारतात, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवलं. पालकांनी वाचलं तरी चालेल, त्यांच्यासाठी पण एक प्रश्न आहे खाली.

"मॅडम, काही सुचतच नाही" असं म्हणून पोरं पेन चावत बसतात. काय करायचं?

माझं प्रामाणिक मत सांगते, पोरांना सुचत नाही असं नसतंच. त्यांना जे सुचतं ते "निबंधातलं" वाटत नाही. सातवी-आठवीपर्यंत त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की निबंध म्हणजे सोनेरी किरणं, हिरवा शालू, कोकिळेचं कूजन, आणि ते आपल्याकडे नाही म्हणजे आपल्याकडे काहीच नाही.

एकदा फळ्यावर मी हे वाक्य लिहिलं, "सूर्य मावळतीला झुकला होता, पक्षी आपापल्या घरट्यांकडे परतत होते." हे वाक्य तीसेक वह्यांत थोड्याफार फरकाने होतं. मी विचारलं, काल संध्याकाळी पक्षी परतताना कुणी कुणी पाहिले? दोन हात वर. बरं, मग काल सहा वाजता तुम्ही कुठे होतात आणि समोर काय दिसत होतं? आधी सगळे गप्प, मग एक जण म्हणाला टोमॅटोचे कॅरेट भरलेल्या पिकअपची लाईन लागली होती पिंपळगावच्या मार्केटला जायला आणि एका गाडीचा ड्रायव्हर टपावर चढून लाईन कुठवर आहे ते बघत होता. दुसरी म्हणाली, पप्पा जेवून झोपलेले, कारण शेतातल्या मोटरीची लाईट रात्री बारानंतर येणार होती. मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी फळ्यावर लिहिली, पक्ष्यांच्या वाक्याच्या शेजारी, आणि वर्गाला विचारलं यातलं कुठलं वाक्य दुसऱ्या गावातल्या पोराला लिहिता येणार नाही? उत्तर त्यांनीच दिलं. त्या दिवसानंतर आमच्या वर्गात "हे पिकअपचं वाक्य आहे का पक्ष्याचं?" असं पोरंच एकमेकांना विचारायला लागली.

तर पहिलं काम एवढंच, विषय छोटा करा आणि आधी बोलतं करा. "माझं गाव" नको, "माझ्या गावात सकाळी पहिलं शटर कुणाचं उघडतं" द्या. दोन मिनिटं बाकावरच्या जोडीदाराला सांगायचं, मग लगेच सात मिनिटं लिहायचं. बोलून झालेलं लिहायला सोपं जातं, हे अगदी कच्च्या पोरालासुद्धा लागू पडतं.

तुम्ही वर्गात नेमके कुठले विषय देता?

माझ्याकडे एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात चिठ्ठ्या टाकलेल्या असतात, पोरं हात घालून काढतात. त्यातल्या कायम चालणाऱ्या चिठ्ठ्या सांगते. घरातली अशी एक वस्तू जी मोडलीय पण कुणी टाकून देत नाही. आजी वापरते आणि तुम्ही वापरत नाही असा एक शब्द, आणि तो तिने शेवटचा कुणाला उद्देशून वापरला. ज्या वस्तूवरून घरात रोज भांडण होतं ती वस्तू. एसटीत खिडकीची जागा कशी मिळाली किंवा कशी गेली. तुम्ही खोटं बोललात आणि ते पचलं. शाळेत येताना रस्त्यावरचा एक वास, आणि तो नेमका कुठून सुरू होतो कुठे संपतो. तुम्हाला कुणी सॉरी म्हणायला हवं होतं पण म्हटलं नाही. बाजाराच्या दिवशी एका विक्रेत्याच्या तोंडचं बोलणं जसंच्या तसं, कमीत कमी पाच वाक्यं.

अजून एक प्रकार मला फार आवडतो, हाताचं काम शब्दांत करून दाखवणं. सायकलची उतरलेली चेन बसवणं, भाकरी थापणं, शेळीचं दूध काढणं, पतंगाला कण्णी बांधणं. ज्याला ते काम येत नाही त्याला वाचून करता आलं पाहिजे, एवढी एकच अट. अभ्यासात मागे असलेली पोरं इथे सगळ्यांच्या पुढे जातात, कारण त्यांना खरोखर येतं, आणि पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीला कळतं की "मग चेन बसवावी" या वाक्याने चेन बसत नाही, आधी मागचं दातेरी चक्र येतं, मग पेडल उलटं फिरवायचं येतं.

एक काळजी घ्या. खासगी लिहायला लावताना जबरदस्ती नको. आमच्याकडे नियम आहे, पान दुमडलं असेल तर मॅडम वाचणार नाहीत, फक्त लिहिलंय एवढं बघतील. आणि एखाद्याने न दुमडता काही गंभीर लिहिलं, मारहाण, छळ, जगणं नको झालंय असलं काही, तर ते निबंध म्हणून तपासू नका. पोराशी एकटं बोला, मुख्याध्यापकांना सांगा, गरज पडली तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा.

गाईडमधला निबंध पाठ करून तसाच उतरवतात, त्याचं काय?

रागावून काही होत नाही, मी बरीच वर्षं रागावून पाहिलंय. पाठ केलेलं हे पोरांच्या दृष्टीने सुरक्षित असतं, ते सोडायला दुसरं काहीतरी हातात असावं लागतं.

एका मुलीचं सांगते. "माझी आई" वर तिने पान भरून आणलं, त्यात आईवरच्या त्या नेहमीच्याच काव्यपंक्ती, वात्सल्याचा सागर, त्यागाची मूर्ती, सगळं. मी खाली काही शेरा मारला नाही, एक प्रश्न लिहिला, "आई कामावरून घरी आली की पहिल्यांदा काय करते?" दुसऱ्या दिवशी तिने चारच ओळी लिहून आणल्या. थिनिंगच्या दिवसांत, म्हणजे द्राक्षाच्या घडातले मणी कात्रीने विरळ करतात त्या दिवसांत, आई अंगठ्याला चिंधी बांधते. घरी आल्यावर भाकरी थापायला ती चिंधी सोडून खिडकीत ठेवते, आणि भाकऱ्या झाल्या की परत बांधते, तेव्हा मला हाक मारते कारण एका हाताने गाठ बसत नाही. संपलं. "त्याग" हा शब्द नाही, "माया" नाही, पण मी ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं तेव्हा आमचे गणिताचे सर बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग मी तिला तिचे दोन्ही कागद शेजारी ठेवून दिले आणि म्हटलं, आता तूच ठरव पहिल्या कागदावरचं काय ठेवायचं. तिने एकही ओळ ठेवली नाही. मला एखादं वाक्य ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण निर्णय तिचा होता, आणि पोरांनी स्वतःच्या हाताने खोडणं हे आपण लाल पेनाने खोडण्यापेक्षा फार वेगळं असतं.

वर्गात ६०-७० पोरं, तास ३५ मिनिटांचा. एवढं तपासायचं कधी?

सगळं तपासायचंच नाही. हे पचायला मला खूप वेळ लागला. धावण्याचा सराव करताना प्रत्येक फेरीला कुणी मार्क देत नाही, तसंच हे. आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस तासाची पहिली सात मिनिटं रफ वहीत लिखाण असतं, ती वही मी फक्त चाळते, सही नाही, मार्क नाहीत. महिन्याला प्रत्येकाने त्यातलं स्वतःला आवडलेलं एकच निवडायचं, नीट करून फेअर करायचं, आणि तेवढंच मी मन लावून वाचते. ७० पोरं असतील तर रोज तीन-चार कागद, ऑफ तासाला होतात.

बाकीचं काम पोरंच एकमेकांचं करतात, पण "तपासा" म्हणून सांगितलं तर ते फक्त ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसतात. म्हणून दोनच गोष्टी करायच्या, जोडीदाराने मोठ्याने वाचायचं आणि ऐकणाऱ्याने एक "मला दिसलं ते" आणि एक "मला कळलं नाही ते" सांगायचं. मोठ्याने वाचणं सोडू नका हो, वाक्य अडखळलं की लिहिणाऱ्याला आपलं आपणच कळतं.

शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करायच्या की नाही?

करायच्या, पण पहिल्या खर्ड्यावर नाही. एक मुलगा होता, पूर्ण नाव लिहिताना सुद्धा चुकायचा, पण आजोबांच्या बैलजोडीवर त्याने दीड पान लिहिलं होतं आणि मी त्यावर मोजून ४० लाल गोल केले. त्यानंतर त्याने वर्षभर पाच ओळींच्या वर काही लिहिलं नाही. तो कागद मला अजून आठवतो, त्यात बैलाच्या शिंगाला रंग लावतानाचं किती छान होतं ते मी त्याला सांगितलंच नव्हतं.

आता मी एका वेळी एकच नियम घेते. मराठी लेखनाचे नियम तसे काही डोंगराएवढे नाहीत, साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये चारची भर पडून ते १८ झाले. त्यातला शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ हा एक नियम पक्का केला तरी पाणी, कवी, वस्तू, गुरू असे ढीगभर शब्द सुटतात, "आणि" आणि "नि" हे अपवाद लक्षात ठेवायचे. पंधरा दिवस वर्गात तेवढाच नियम, दुसऱ्या चुकांना हातच लावायचा नाही.

पोरं बोलीत लिहितात. चालवून घ्यायचं का?

आमच्याकडे सटाणा-मालेगावकडची अहिराणी बोलणारी पोरं आहेत, सुरगाणा-पेठकडून बागेच्या कामाला आलेल्या घरांतली कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी आहेत. रफ वहीत मी काहीही चालवून घेते. फेअर करताना निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसांच्या तोंडचं बोलणं त्यांच्या बोलीत, असं सांगते. आणि हे काही माझ्या मनाचं नाही, लेखनाच्या नियमांतच आहे की संभाषण लिहिताना पात्राच्या तोंडी "असं, केलं" अशी बोलण्यातली रूपं चालतात. आजी जर अहिराणीत रागावली असेल तर ते प्रमाण भाषेत लिहिल्यावर ती आजी राहतच नाही, दुसरीच कुणीतरी बाई होते. बोर्डाच्या पेपरात निवेदन मात्र प्रमाणच ठेवा, तिथे धोका नको.

हे सगळं ठीक आहे, पण बोर्डाच्या मार्कांचं काय?

रास्त प्रश्न, कारण पालक शेवटी तेच विचारतात. दहावीच्या कुमारभारतीच्या, म्हणजे प्रथम भाषा मराठीच्या, कृतिपत्रिकेचा (पेपरचा) आराखडा २०१८ ला पुस्तक बदललं तेव्हापासून आपल्या ओळखीचा आहे, ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला. पत्र किंवा सारांश ६, जाहिरात-बातमी-कथा यातल्या दोन मिळून १०, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यातल्या एकाला ८. म्हणजे जवळपास एक तृतीयांश पेपर पोराच्या स्वतःच्या लिखाणावर. वर आणि गद्य-पद्यात स्वमताचे प्रश्न असतात, तेही लिखाणच की. मी स्वतः पेपर तपासलेत, दीडशे पेपरांत एकसारखं आत्मकथन वाचून झाल्यावर एखादं वेगळं आलं की तपासणारा सरळ होऊन बसतो. हमी मी देत नाही, पण नुकसान झालेलं एकही पोर मला आठवत नाही.

डिसेंबरनंतर मात्र मी आराखडा, वेळ आणि शब्दमर्यादा यांचा सराव स्वतंत्र घेते. तोपर्यंत हात चाललेला असतो, मग चौकट शिकवायला पंधरा दिवस पुरतात.

कथालेखन सगळ्यात कंटाळवाणं होतं. मुद्दे देऊनही सगळ्यांची गोष्ट सारखीच.

कारण पोरं मुद्दे फक्त "आणि मग" लावून जोडतात. गरीब मुलगा, रस्त्यात पाकीट, परत देणं, बक्षीस, तात्पर्य. याच मुद्द्यांवर मी तीन प्रश्न विचारते. पाकिटात नेमकं काय काय होतं? मुलाला त्या दिवशी किती पैसे हवे होते आणि कशासाठी? पाकीट हातात आल्यापासून परत देईपर्यंत किती वेळ गेला? एकाने लिहिलं, पाकिटात ६०० रुपये होते, सहलीची फी होती ५५०, आणि त्या मुलाने पाकीट दप्तरात घालून दोन तास वर्गात काढले, फळ्यावर काय चाललंय त्याला काहीच कळलं नाही. मुद्दे तेच, शेवटही तोच, पण ते दोन तास आले आणि गोष्ट झाली.

बातमी, जाहिरात, पत्र यासाठी काही वेगळं?

बातमीसाठी वर्तमानपत्राचं कात्रण आणा, शीर्षक कापून टाका, पोरांना शीर्षक द्यायला लावा, मग खऱ्याशी ताडून बघा. नंतर शाळेतल्याच घटनेची बातमी. काय, कुठे, कधी, कोण, कसं, का हे विचारत शिपाईकाकांपासून मुख्याध्यापकांपर्यंत फिरायला पाठवा. बातमी घडून गेलेल्या गोष्टीची असते, हे सांगूनही निम्मी पोरं "कार्यक्रम होणार आहे" लिहितात, ते तेवढं पहिल्या दिवशीच बघा.

जाहिरातीसाठी बाजारपेठेतल्या पाट्या उतरवून आणायला सांगा, मग स्वतःच्या घरच्या धंद्याची जाहिरात, आईचे पापड, मामाचा भाड्याचा ट्रॅक्टर, काहीही.

आणि पत्र खरं पाठवा. आमच्या नववीने शाळेसमोरच्या बंद दिव्याबद्दल ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं, वर्गात सहा खर्डे झाले, "कारवाई न केल्यास" हे वाक्य ठेवायचं का काढायचं यावर अर्धा तास भांडण झालं, शेवटी काढलं. सरपंच स्वतः शाळेत येऊन बोलून गेल्या. त्या वर्गाला "विषय" आणि "महोदय" कुठे लिहायचं हे मला परत शिकवावं लागलं नाही.

सारांशलेखन?

उताऱ्याला न बघता मित्राला सांगता आलं की सारांश आला. उतारा वाचा, पालथा घाला, सांगा, मग लिहा. एवढंच.

फुकटात मिळणारी साधनं कुठली?

बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात, मी त्यातली एकेक गोष्ट काढून शेवटचा परिच्छेद झाकून देते आणि शेवट पोरांकडून लिहून घेते. वैचारिक निबंधाला माहिती हवी तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, नोंदी पोरांना जड जातात पण एक परिच्छेद सोप्या भाषेत लिहून आणा म्हटलं की तोच सारांशाचा सराव होतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो, आणि आजीच्या तोंडचा शब्द पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कोशात सापडला की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर आहेतच.

पण नेट नसेल तरी अडत नाही. जुनं कॅलेंडर, लग्नपत्रिका, एसटीचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी, खताच्या गोणीवरचा मजकूर, हे सगळं लिखाणच आहे. लग्नपत्रिकेतलं "आग्रहाचं निमंत्रण" बदलून मित्राला चिठ्ठी लिहायला सांगितलं तर औपचारिक-अनौपचारिक भाषेचा आख्खा धडा त्यात होतो.

पोरं मोबाईलवर एआयकडून निबंध लिहून आणतात. कसं थांबवायचं?

पकडापकडीत मी पडत नाही. महत्त्वाचं लिखाण वर्गातच, हाताने, आणि खर्ड्यासकट बघते. विषयच असा द्यायचा की मशीनला माहीत नसेल, तुमच्या गल्लीतलं, तुमच्या डब्यातलं, आज सकाळचं. कधी कधी मी उलटं करते, मशीनने लिहिलेला "पावसाळ्यातील एक दिवस" छापून आणते आणि पोरांना त्यातली पक्ष्याची वाक्यं शोधायला लावते. पटापट खुणा होतात. मग म्हणते, आता तुमचा पावसाळा लिहा. अवकाळीने बाग झोपलेल्या घरातलं पोर जे लिहितं ते कुठून उतरवता येणारं नसतं.

एक पोरगा काहीच लिहीत नाही. कोरी वही.

तो सांगेल, तुम्ही लिहा. खरंच. मी पाच-सहा वाक्यं त्याच्या तोंडची त्याच्या वहीत लिहून देते, त्याचेच शब्द, सुधारत नाही, मग त्याला वाचायला देते. स्वतःचं बोलणं अक्षरात बघितलं की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेन मागून घेतात. वाचताच येत नसेल तर ती वेगळी अडचण आहे, तिथे आधी वाचन, लिखाण मागाहून, आणि त्याला वर्गासमोर उभं करू नका.

इंग्रजी माध्यमाच्या पोरांना हे जमेल का?

जमतं, वेग कमी ठेवा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे घरात मराठी नसलेली पोरंसुद्धा आता वर्गात असतात. त्यांना आधी तीन ओळी पुरेत, अडलेला शब्द इंग्रजीत किंवा हिंदीत लिहून त्याला गोल करायचा आणि पुढे जायचं, शब्द नंतर शोधायचा. अमेरिकेत शनिवार-रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने मोडलेल्या वस्तूची चिठ्ठी तिकडे वापरली, तिथल्या एका पोराने आजीने बॅगेतून आणलेल्या पुरणयंत्राबद्दल लिहिलं, हँडल तुटलेलं, तरी ओट्यावरच.

घरी पालक काय करू शकतात?

लिहिलेलं ऐका. चूक काढू नका, मार्क विचारू नका, मोबाईल बाजूला ठेवून पाच मिनिटं ऐका आणि एक प्रश्न विचारा, "मग पुढे काय झालं?" लिहिता-वाचता न येणाऱ्या आई-वडलांनाही हे करता येतं. त्या चिंधीवाल्या मुलीने तिच्या चार ओळी घरी वाचून दाखवल्या, तर आई म्हणाली, चिंधी खिडकीत नाही गं ठेवत मी, फळीवर ठेवते. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून कागद परत मागितला, "खिडकीत" खोडलं आणि "फळीवर" लिहिलं.